पिवळा दिवा आणि दोन रुपयांची युक्ती

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि नव्या पेट्रोल मोटारसायकलींच्या धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर सर्रास दिसू लागला.

हा सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. आत झिर्कोनियाचा तुकडा असतो. तो साधारण ३०० अंश सेल्सियसच्या पुढे तापला की काम करतो. पेट्रोल जास्त झालं तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली तर सुमारे ०.१ व्होल्ट असा संकेत तो देतो. त्यावरून इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल कमी-जास्त करून वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण राखतो. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नेमकं हेच प्रमाण लागतं.

सायलेन्सर बदलला, वायर तुटली किंवा सेन्सरवर काजळी धरली की इंजिनाचा पिवळा दिवा लागू शकतो. मग कुणीतरी दोन रुपयांचा रेझिस्टर जोडून इसीयूला ठरावीक खोटा आकडा पाठवायला सुचवतं. दिवा विझेलही, पण बिघाड तसाच राहतो. पेट्रोल जुळवून घेण्याची साखळी तुटते, पेट्रोल जास्त जाऊ शकतं आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटून तो जळू शकतो. कन्व्हर्टर सेन्सरपेक्षा कितीतरी महाग! शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते.

म्हणून दिवा लागला तर आधी स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचून घ्या आणि कनेक्टर तपासा. सेन्सर खरोखर गेला असेल तरच बदला.