गोठ्यातील औषध आणि आकाशातील गिधाड

गावात गाय अथवा बैल दगावला म्हणजे त्याचे कातडे काढून घ्यावयाचे व धड गावाबाहेरच्या माळावर टाकावयाचे, ही रीत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. थोड्याच वेळात आकाशात घिरट्या दिसू लागत, गिधाडांचा थवा खाली उतरे आणि पाहता पाहता माळावर केवळ हाडे उरत. या कामाची मजुरी गिधाडांना कोणी दिली नाही. त्यामुळे त्याचे मोलही कोणी केले नाही. १९९० नंतरच्या दशकात हे पक्षी झपाट्याने नाहीसे झाले, तेव्हा ते मोल माणसांच्या प्राणांनी चुकवावे लागले. हे कसे घडले याचा उलगडा पक्षिशास्त्र, पशुवैद्यक आणि अर्थशास्त्र या तिन्ही शाखांतील संशोधनाने झाला असून, त्याचा धागा शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

गिधाडे गेली कोठे?

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक डॉ. विभू प्रकाश राजस्थानातील भरतपूरजवळच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्ष्यांचे निरीक्षण करीत होते. पूर्वी जेथे गिधाडांची घरटी विपुल होती, तेथे मेलेली व माना टाकून बसलेली गिधाडे त्यांना दिसू लागली. पुढे देशभर मोजणी करण्यात आली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजार पक्ष्यांमागे जेमतेम एक उरला. लांब चोचीच्या व निमुळत्या चोचीच्या गिधाडांची मिळून सुमारे ९७ टक्के घट झाली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते व पिल्लू प्रजननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. अशा पक्ष्याची हानी लवकर भरून येत नाही.

प्रारंभी एखाद्या साथीच्या रोगाचा किंवा कीटकनाशकाचा संशय घेण्यात आला. खरे कारण पाकिस्तानातील पंजाब प्रांतात सापडले. तेथे अमेरिकन पशुवैद्यक लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांची शवचिकित्सा केली. बहुसंख्य पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली होती व आतील अवयवांवर यूरिक आम्लाचा पांढरा थर साचलेला होता. अशा पक्ष्यांच्या शरीरात डायक्लोफेनॅक हे औषध आढळले. हा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला.

एकाचे औषध, दुसऱ्याचे विष

डायक्लोफेनॅक हे वेदना व सूज कमी करणारे औषध होय. माणसांसाठी ते फार पूर्वीपासून वापरात होते. ते स्वस्त झाल्यावर जनावरांसाठीही सर्रास वापरले जाऊ लागले. बैलाला खांदेसूज आली, गाईला दगडी झाली किंवा म्हातारे जनावर लंगडू लागले, की शेतकरी दयाबुद्धीने हे इंजेक्शन देववीत असे. त्यात त्याचा दोष नव्हता. औषधाने जनावराला खरोखरच आराम पडे. परंतु असे जनावर थोड्या दिवसांत दगावले, तर औषधाचा अंश त्याच्या मांसात व यकृतात शिल्लक राही आणि ते खाणारे गिधाड काही दिवसांतच मरे.

एका धडावर कित्येक गिधाडे एकत्र जेवतात. त्यामुळे शंभर धडांपैकी एकाहूनही कमी धड विषारी असले, तरी तेवढ्याने गिधाडांचा ऱ्हास होऊ शकतो, असे गणिताने सिद्ध झाले आहे. ‘माझ्या एका बैलाने काय होणार?’ या प्रश्नाचे उत्तर या आकड्यात आहे.

माणसांवर ओढवलेली हानी

गिधाडांच्या जठरातील तीव्र आम्ल अनेक रोगजंतूंचा नाश करते. ती नाहीशी झाल्यावर धडे माळावर, ओढ्याकाठी सडू लागली. त्यावर मोकाट कुत्र्यांची संख्या वाढली आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचे भयही वाढले. सडक्या मांसाची घाण पावसाबरोबर पाण्यात उतरली.

शिकागो विद्यापीठाचे एयाल फ्रँक व वॉरिक विद्यापीठाचे अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी या हानीचा हिशेब मांडला. पूर्वी जेथे गिधाडे नांदत होती ते जिल्हे आणि जेथे ती मुळातच थोडी होती ते जिल्हे, यांतील मृत्यूंची त्यांनी तुलना केली. गिधाडे गेल्यावर पहिल्या प्रकारच्या जिल्ह्यांत मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांहून अधिक वाढल्याचे आढळले. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे यामुळे अधिक दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. या हानीचे मोल त्यांनी दरवर्षी सुमारे ६९ अब्ज डॉलर इतके ठरविले. त्यांचा हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. इंजेक्शन स्वस्त होते. पण त्याची उरलेली किंमत घेणाऱ्याने नव्हे, तर साऱ्या गावाने भरली.

कायदा काय सांगतो?

२००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी डायक्लोफेनॅकचे उत्पादन थांबविण्याचा आदेश दिला. तरीही माणसांसाठी असलेल्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या. म्हणून २०१५ साली माणसांसाठीचे इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेच्या बाटलीपुरते मर्यादित करण्यात आले. गिधाडांना तितकीच घातक ठरलेली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक ही औषधे २०२३ साली, तर निमेसुलाइड डिसेंबर २०२४ मध्ये जनावरांसाठी बंद करण्यात आली.

सुदैवाने पर्याय उपलब्ध आहे. मेलॉक्झिकॅम हे औषध जनावरांच्या सुजेवर व वेदनेवर गुणकारी असून गिधाडांना अपाय करीत नाही, हे २००६ साली चाचण्यांनी सिद्ध झाले. टोल्फेनॅमिक ॲसिड हेही सुरक्षित आढळले आहे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. जनावराला वेदनाशामक इंजेक्शन पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे व औषधाचे नाव विचारून घ्यावे. डायक्लोफेनॅक, किटोप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक व निमेसुलाइड ही चार नावे गोठ्यात लिहून ठेवावीत आणि ती औषधे घेऊ नयेत.

२. माणसांसाठीची औषधे जनावरांना टोचू नयेत.

३. वेदनाशामक औषध दिल्यानंतर थोड्या दिवसांत जनावर दगावले, तर त्याचे धड उघड्यावर न टाकता खोल पुरावे.

४. जनावर अचानक मेले व नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त आले, तर काळपुळीचा संशय घ्यावा. असे धड मुळीच फाडू नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला तात्काळ कळवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती ग्रामसभेत व दूध संकलन केंद्रावर वाचून दाखवावी. गावात इंजेक्शन देणाऱ्या प्रत्येकापर्यंत ती पोहोचविणे अत्यंत आवश्यक आहे.

हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे संवर्धन-प्रजनन केंद्र आहे. तेथे वाढविलेली काही गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये ताडोबा व पेंच येथील व्याघ्र प्रकल्पांत आणण्यात आली. परंतु गिधाड अन्नाच्या शोधात दूरवर उडते. जंगलाची सीमा त्याला ठाऊक नसते. सीमेपलीकडच्या माळावर त्याला जे धड सापडेल, ते कोणा शेतकऱ्याच्या गोठ्यातून आलेले असेल. त्या बैलाला अखेरच्या दिवसांत कोणते औषध टोचले होते, यावरच ते गिधाड पुन्हा आकाशात उडेल की नाही, हे ठरणार आहे.