मुळेचे पाणी, कुंडलिकेची सफर

कोकणातील नद्या आखूड असतात. सह्याद्रीच्या कड्यावरून त्या वेगाने खाली उतरतात, पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहतात, आणि होळी उलटली की त्यांच्या पात्रात गोट्यांवाचून फारसे काही उरत नाही. रायगड जिल्ह्यातील कुंडलिका ही याच कुळातील नदी. परंतु वैशाखातल्या रणरणत्या उन्हातही सकाळच्या वेळी कोलाडजवळ तिच्या काठी उभे राहावे, तर पाणी खळाळत, खडकांवर आपटत, पांढरे तुषार उडवीत धावताना दिसते, आणि त्या पाण्यावर रबरी तराफ्यांची एक रांगच्या रांग हेलकावे घेत खाली येत असते. या तराफ्यांना 'राफ्ट' म्हणतात व त्यांतून प्रवाहाबरोबर जाण्याच्या खेळास 'राफ्टिंग'. भर उन्हाळ्यात एवढे पाणी या नदीस कोठून मिळते, हा प्रश्न काठावर उभ्या असलेल्या कोणाही विचारी माणसास पडावा.

राफ्टमध्ये बसलेल्या मंडळींपैकी पुष्कळजण पिंपरी-चिंचवड व चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यातून आलेले असतात. त्यांच्या मुलखात नद्यांना तोटा नाही. पवना चिंचवड गावातून वाहते. मोरया गोसावींची समाधी तिच्याच काठी आहे. दक्षिणेच्या सीमेवरून मुळा जाते, उत्तरेस इंद्रायणी आहे, आणि चाकणच्या पलीकडे भामा. परंतु गावे वाढली, कारखाने वाढले, तसे सांडपाणीही वाढले. आळंदीस इंद्रायणीच्या पात्रावर साबणासारखा फेस तरंगतो, हे अलीकडे नित्याचेच दृश्य झाले आहे. नदीच्या काठी जन्मलेल्या मुलाला नदीत डुंबण्यासाठी घाट उतरून परमुलखात जावे लागावे, ही गोष्ट भूषणावह खासच नव्हे. तरीही सुट्टीच्या दिवशी पहाटे गाड्या निघतात. या भागातील बऱ्याच कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे इतरत्र रविवारी दिसणारी वर्दळ येथल्या वाटेवर गुरुवारीही दिसते.

वाट पौडावरून मुळशीस जाते. तेथे एका विस्तीर्ण जलाशयाच्या कडेने ती वळणे घेत घेत ताम्हिणी घाटाच्या माथ्यावर पोचते. हा घाट अतिवृष्टीचा. वर्षास पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथे पडतो. घाट उतरला की विळे, मग सुतारवाडी, आणि पुढे मुंबई-गोवा मार्गावरील कोलाड. प्रवास सुमारे शंभर-सव्वाशे किलोमीटरांचा. कोलाडच्या उन्हाळी पाण्याचे रहस्य या वाटेवरच आहे. मात्र पहाटेच्या गारव्यात गाडीत डुलक्या घेणाऱ्यांच्या नजरेस ते सहसा पडत नाही.

तो जलाशय मुळा नदीवरील धरणाचा आहे. मुळा मूळची पूर्ववाहिनी. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस घेऊन ती वाकड, औंध यांवरून वाहत येते. दापोडीस तिला पवना मिळते व पुण्यास मुठा. मग मुळा-मुठा भीमेस, भीमा कृष्णेस, आणि कृष्णा सारे दख्खनचे पठार ओलांडून बंगालच्या उपसागरास. निसर्गाने आखून दिलेला मार्ग हा असा आहे. परंतु मुळशीचे खोरे सह्याद्रीच्या अगदी कडेशी आहे. त्याच्या पश्चिमेस डोंगराची एक भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे जमीन एकदम सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते. ही भिंत फोडून पाणी कोकणात सोडले, तर त्या उतारावर वीज निर्माण करता येईल, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी टाटा कंपनीच्या तज्ज्ञांनी उचलून धरली. मुंबईच्या गिरण्यांना विजेची भूक होती. १९२७ मध्ये हे काम पुरे झाले. जलाशयाचे पाणी बोगद्यातून व पुढे पोलादी नळांतून कड्याखाली उतरू लागले, आणि पायथ्याशी भिरा येथील विद्युतगृहाची चक्रे फिरू लागली.

पाचशे मीटरांच्या उताराचे सामर्थ्य किती, हे साध्या हिशेबाने कळते. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार लिटर, वजनाने एक टन. ते पाचशे मीटर खाली आले म्हणजे त्यापासून, थोडीबहुत गळती जमेस धरूनही, सुमारे सव्वा युनिट वीज मिळते. घरात एक दिवा रात्रभर जाळावयास एवढी वीज पुरून उरेल. असे घनमीटरामागून घनमीटर पाणी अखंड कोसळत असते. भिऱ्याच्या विद्युतगृहाची क्षमता आज तीनशे मेगावॉट आहे. तिच्यातील निम्मी नंतर भर घातलेल्या अशा यंत्राची, की जे गरज नसेल तेव्हा खालचे पाणी उलट वर चढवून ठेवते.

चक्रे फिरवून बाहेर पडलेले पाणी वाया जात नाही. ते पायथ्याच्या एका लहान तळ्यात अडविले जाते, पुन्हा एका छोट्या वीजगृहातून नेले जाते, आणि मग कुंडलिकेच्या पात्रात सोडले जाते. कुंडलिका तेथून कोलाड, रोहा असा प्रवास करीत रेवदंड्याजवळ, कोरलईच्या किल्ल्याशेजारी, अरबी समुद्रास मिळते. याचाच अर्थ असा, की जे पाणी वाकडच्या पुलाखालून वाहत जाऊन अखेर पूर्वसमुद्र गाठावयाचे, तेच कोलाडच्या खडकांवर उसळून पश्चिमसमुद्रास मिळते. पिंपरी-चिंचवडचा प्रवासी शंभर किलोमीटर तुडवून ज्या पाण्यात वल्हे घालतो, ते त्याच्याच दारच्या नदीचे असते.

या वळविलेल्या पाण्याची किंमत कोणी मोजली, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मुळशीचे खोरे ओसाड नव्हते. तेथील खाचरांत पिकणारा आंबेमोहर तांदूळ शिजू लागला की त्याचा दरवळ शेजारच्या घरी जाई. अशी पन्नासांवर गावे धरणाच्या योजनेच्या तडाख्यात सापडली. शेतकऱ्यांना न विचारता जमिनीत चर खणले जाऊ लागले. तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. स्त्रिया, मुले, म्हातारेकोतारे चालू कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट हे या लढ्याचे पुढारी. लोक त्यांना सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यात, आणि ती पदवी त्यांच्या नावास कायमची चिकटली. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे प्रमुख सहकारी. काम काही काळ थांबलेही. परंतु सरकारने भूसंपादनाच्या कायद्याचा आधार कंपनीस दिला, आणि मोबदला घ्यावा की जमीन राखावी, या प्रश्नावर लढणाऱ्यांतच फूट पडली. जमिनींवर ज्यांचे कर्ज होते त्या सावकारांना पैसा हवा होता; जे नांगर धरीत त्यांना माती हवी होती. १९२४ मध्ये बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि लढा संपला. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी संघटितपणे दिलेल्या जगातील आरंभीच्या लढ्यांत मुळशीची गणना होते. ज्यांच्या खाचरांवर पाणी चढले, त्यांतील अनेक कुटुंबे जवळच्या डोंगरउतारांवर सरकली व नाचणी-वरईवर दिवस काढू लागली. खाली मुंबई उजळली; तळ्याकाठच्या वाड्यांवर मात्र दिवा पोचण्यास फार वर्षे लागली.

आता खेळाविषयी. राफ्ट म्हणजे जाड रबरी कापडाचा, हवा भरून फुगविलेला तराफा. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या शिलकी रबरी नावा अमेरिकेत स्वस्तात विकल्या गेल्या, आणि त्यांतून हा खेळ तेथे फोफावला. आपल्याकडे ऋषिकेशजवळच्या गंगेने त्यास प्रसिद्धी दिली. लाकडी होडी खडकावर आदळली तर फुटते. रबरी तराफा आदळतो, दबतो आणि उसळी घेऊन बाजूस सरकतो. त्यात हवेचे कप्पे अलग अलग असतात. एक फाटला तरी दुसरे त्यास तरंगत ठेवतात. बसणारे आत न बसता कडेच्या फुगीर वळ्यांवर बसतात व पावले खालच्या फटीत घट्ट रोवतात. मागे गाइड असतो. त्याच्या 'पुढे', 'मागे', 'थांबा' या हाकांबरोबर सर्वांची वल्ही एकदम पडली पाहिजेत. सहाजणांनी सहा मतांनी वल्हे मारले, तर राफ्ट जागच्या जागी गरगर फिरते आणि प्रवाह तिला आपल्या मर्जीने नेतो.

जेथे पात्र अरुंद होते, उतार वाढतो व तळाशी मोठे धोंडे असतात, तेथे पाणी उसळते. अशा टप्प्यांस भूगोलात 'धावत्या' म्हणतात. राफ्टवाले 'रॅपिड' म्हणतात. त्यांच्या जोराप्रमाणे एक ते सहा अशा श्रेणी जगभर ठरलेल्या आहेत. पहिली श्रेणी म्हणजे हलक्या लाटा, सहावी म्हणजे जिवाशी गाठ. कुंडलिकेतील धावत्या बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या. म्हणूनच नवख्यांनाही येथे उतरता येते. सुमारे बारा किलोमीटरांचा हा पल्ला दीड-दोन तासांत पार होतो. पाणी वाचण्याची एक विद्याच आहे. दोन खडकांमधून गुळगुळीत पाण्याची जीभ पुढे निघालेली दिसली, तर तेथे वाट खोल व मोकळी आहे असे समजावे. मोठ्या धोंड्याच्या मागे मात्र पाणी उलटे, प्रवाहाच्या विरुद्ध फिरते. जाणता गाइड तेथे राफ्ट वळवून क्षणभर विसावा घेतो, आणि मागून येणाऱ्यांवर नजर ठेवतो.

पाण्यात पडण्याचा प्रसंग येतोच. अंगात घट्ट बांधलेले लाइफ जॅकेट व डोक्यावर शिरस्त्राण असले, तर घाबरण्याचे कारण नाही. पण उमज हवी. पडलेल्याने उताणे व्हावे, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेस ठेवावेत, व पावले वर उचललेली असावीत, म्हणजे खडक आला तर तो डोक्यास न लागता पायांनी दूर लोटता येतो. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. पाणी कमरेएवढेच आहे असे पाहून माणूस पाय टेकतो, पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकते, आणि मागचा लोट त्यास वाकवून पाण्याखाली दाबतो. चांगल्या पोहणाऱ्यांचेही प्राण याच कारणाने गेले आहेत. 'मला पोहता येते' ही घमेंड म्हणून येथे कामाची नाही.

राफ्टिंग आटोपले की दुपारी काठावर इतर साहसखेळ चालतात. एका थडीवरून दुसऱ्या थडीवर ताणलेल्या पोलादी तारेवरून कप्पीला लटकून घसरत जाणे, दोरांच्या झुलत्या पुलावरून तोल सांभाळीत चालणे, संथ पाण्यात एकट्याने कयाक वल्हविणे इत्यादी. त्यांत मौज आहे. मात्र तारेचा खेळ हा गुरुत्वाकर्षणाचा, तेथे माणसाच्या कौशल्यास फारसे काम नाही. सारी मदार पट्टे, कड्या व तारेची गाठ बांधणाऱ्यावर असते. अशा खेळांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि ते चालविणाऱ्या संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, असे ठरविले. शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकाने जेवणाच्या बेताआधी ही नोंदणी विचारावी.

या दिवसाची वेळ प्रवासी ठरवीत नाहीत, नावाडीही ठरवीत नाहीत. विजेच्या मागणीप्रमाणे वरची यंत्रे चालतात व त्यानुसार नदीत पाणी सुटते. तेव्हाच राफ्ट निघतात. पावसाळ्यात डोंगराचे पाणी त्यात मिसळते व प्रवाह अवखळ होतो, इतकाच फरक. या पाण्यावर केवळ खेळणाऱ्यांचा हक्क आहे असे नाही. खाली डोलवहाळच्या बंधाऱ्यातून कालवे निघतात व शेतीस पाणी देतात. रोह्याचे कारखाने याच नदीच्या आधाराने उभे आहेत. तिकडे घाटावर पिंपरी-चिंचवडची वस्ती वाढतच चालली आहे. पवनेचे पाणी अपुरे पडते, म्हणून आंद्रा व भामा आसखेड या धरणांकडे या शहरास वळावे लागले, आणि मुळशीचे काही पाणी पुन्हा पूर्वेकडे मिळावे अशीही मागणी होत आहे. ती मान्य झाली तर मुळेस तिचे थोडे पाणी परत मिळेल व कुंडलिकेचे तितके कमी होईल. मग रोह्याच्या शेतकऱ्याने, कोलाडच्या गाइडाने आणि चिंचवडच्या गृहिणीने आपापले म्हणणे कोणापुढे मांडावे, हा प्रश्न उभा राहील. शंभर वर्षांपूर्वी मुळशीच्या मावळ्यांपुढेही तो असाच उभा होता.

ठरलेले तास भरले की वरून येणारे पाणी थांबते. लाटा हळूहळू बसतात, मघाशी न दिसणारे काळे धोंडे एकेक करून डोके वर काढतात, आणि तरुण मंडळी हवा काढलेल्या राफ्ट गुंडाळून टेम्पोत चढवितात. दुपारनंतर त्याच पात्रात गावातली गुरे पाण्यावर येतात.