आत्महत्येच्या जोखमीचे मूल्यमापन

तीव्र मानसिक त्रासात असलेल्या व्यक्तीच्या जिवाला तिच्या स्वतःकडून किती धोका आहे, तो कशामुळे निर्माण झाला आहे आणि तो कमी करण्यासाठी लगेच काय करता येईल, याचा प्रशिक्षित चिकित्सकाने मुख्यतः संवादातून घेतलेला शोध म्हणजे आत्महत्येच्या जोखमीचे मूल्यमापन होय. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, समुपदेशक, अपघात विभागातील डॉक्टर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी हे काम करतात. विशिष्ट व्यक्ती पुढे काय करील, हे कोणत्याही चाचणीने खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे व्यक्तीची आजची स्थिती समजून घेणे आणि त्यानुसार तिच्या सुरक्षिततेची योजना करणे, हा आधुनिक मूल्यमापनाचा मुख्य हेतू मानला जातो.

पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सात लाखांहून अधिक लोक आत्महत्येने मृत्यू पावतात. भारताच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद केली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या व राज्यांमध्ये ही संख्या सर्वाधिक होती. याच नोंदींत ‘कौटुंबिक समस्या’ (३१.७ टक्के) आणि ‘आजार’ (१८.४ टक्के) ही प्रमुख कारणे दिलेली आहेत. प्रत्येक मृत्यूपुढे एक कारण लिहिणे ही आकडेवारीची गरज असते. चिकित्सकाला मात्र कर्ज, आजार, व्यसन, अपमान, विरह, नैराश्य अशा अनेक गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आढळतात आणि तो गुंता समजून घेण्यापासूनच त्याचे काम सुरू होते.

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाला विसाव्या शतकाच्या मध्यास वेग आला. एडविन श्नाइडमन, नॉर्मन फार्बरो व त्यांचे सहकारी यांनी १९५८ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे आत्महत्या प्रतिबंध केंद्र स्थापन केले. असह्य मानसिक वेदना हा आत्महत्येचा गाभा आहे, असे श्नाइडमन यांचे प्रतिपादन होते. संकटात सापडलेल्या व्यक्तीला बहुधा मृत्यूपेक्षा वेदनेपासून सुटका हवी असते. जगावे आणि जगू नये या दोन्ही ओढी तिच्या मनात एकाच वेळी असतात. मूल्यमापन करणारा चिकित्सक या द्विधा अवस्थेतील जगण्याच्या बाजूचा शोध घेतो.

मुलाखतीचे स्वरूप

मुलाखत शक्यतो एकांतात घेतली जाते. भारतात रुग्णासोबत आईवडील, पतिपत्नी किंवा सासरची माणसे असतात आणि त्यांच्यासमोर मन मोकळे करणे पुष्कळांना शक्य होत नाही. म्हणून चिकित्सक आधी रुग्णाशी एकट्याने बोलतो व नंतर नातेवाइकांकडून माहिती घेतो. सांगितलेली गोष्ट गुप्त राहील, परंतु जिवाला धोका असल्यास आवश्यक तेवढी माहिती जवळच्या माणसांना द्यावी लागेल, हेही तो सुरुवातीस स्पष्ट करतो.

प्रश्नांचा क्रम सौम्याकडून थेटाकडे जातो. झोप, भूक, कामातील लक्ष यांपासून आरंभ करून निराशा, जगण्याचा कंटाळा आणि शेवटी आत्महत्येचा विचार येथवर संवाद पोहोचतो. अखेरचा प्रश्न आडवळणाने विचारला जात नाही. ‘तुमच्या मनात असे काही नाही ना?’ हा प्रश्न ‘नाही’ हे उत्तर आधीच सुचवतो. त्याऐवजी ‘इतका त्रास होत असताना काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. तुमच्या मनात तसे विचार आले आहेत का?’ असे विचारणे योग्य समजले जाते.

मराठी भाषकांच्या बोलण्यात हा विचार अनेकदा सूचक शब्दांत येतो. ‘आता जगण्यात राम नाही’, ‘देवाने एकदाचे उचलावे’, ‘डोक्यात नको नको ते येते’, ‘मी नसलो की सगळ्यांचे बरे होईल’, ‘जिवाचे बरेवाईट करून घेईन’ अशा उद्गारांचा अर्थ एकच नसतो. वृद्ध व्यक्तीचे ‘देवाने उचलावे’ हे कधी नित्याचे बोलणे असते, तर कधी खोल निराशेची खूण असते. आपण इतरांवर ओझे झालो आहोत ही भावना, घरच्यांचे बरे होण्याच्या भाषेत व्यक्त झाली, तरी ती गंभीर समजली जाते. अशा वेळी अर्थ गृहीत न धरता ‘म्हणजे नेमके काय वाटते?’ असे विचारले जाते.

असा प्रश्न विचारल्याने नसलेला विचार मनात रुजेल, ही भीती सर्वत्र आढळते. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील २,३४२ शालेय विद्यार्थ्यांवर केलेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, हा प्रश्न विचारलेल्या विद्यार्थ्यांचा मानसिक त्रास किंवा आत्महत्येचे विचार वाढल्याचे आढळले नाही. ज्यांना आधीपासून नैराश्य होते, त्यांच्या बाबतीतही हा प्रश्न अपायकारक ठरला नाही.

विचारात घेतले जाणारे घटक

विचार, हेतू आणि तयारी : विचार किती वेळा येतो, किती काळ टिकतो, तो बाजूला सारता येतो का, कृती करण्याचा हेतू कितपत आहे, काही योजना किंवा तयारी केली आहे का आणि घातक साधन हाताशी आहे का, हे विचारले जाते.

पूर्वेतिहास : आधीचा आत्महत्येचा प्रयत्न हा जोखमीचा महत्त्वाचा निदर्शक आहे. स्वतःला इजा करण्याची सवय व कुटुंबातील आत्महत्या यांचीही नोंद घेतली जाते.

सद्यस्थिती : नैराश्य, द्विध्रुवी विकार, छिन्नमनस्कता, मद्यपान, दीर्घ वेदना, निद्रानाश, कमालीची अस्वस्थता आणि तीव्र हताशा यांकडे विशेष लक्ष दिले जाते. मनोरुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे अधिक जोखमीचे असतात.

तात्कालिक प्रसंग : परीक्षेतील अपयश, नापिकी व कर्जवसुलीचा तगादा, नातेसंबंधातील ताटातूट, हिंसा किंवा जाहीर अपमान यांमुळे आधीच ताणलेले मन कोलमडू शकते.

संरक्षक घटक : विश्वासाचे माणूस, मुलाबाळांची काळजी, उपचारांवरील भरवसा, श्रद्धा आणि पुढील दिवसांसाठी ठरवलेले एखादे काम यांचा आधार होतो. तथापि असा आधार दिसला म्हणून धोका नाही, असा निष्कर्ष काढला जात नाही.

मापनश्रेणी आणि प्रश्नावल्या

मुलाखतीस पूरक म्हणून काही साधने वापरली जातात. ॲरन बेक यांच्या गटाने १९७४ साली मांडलेली हताशा मापनश्रेणी २० विधानांची आहे. १९८३ सालची ‘सॅड पर्सन्स’ ही दहा घटकांची श्रेणी वैद्यकीय विद्यार्थ्यांना घटक लक्षात ठेवता यावेत म्हणून तयार झाली. केली पोस्नर व सहकाऱ्यांची कोलंबिया आत्महत्या तीव्रता मापनश्रेणी मरणाच्या इच्छेपासून योजना व हेतूसह आलेल्या विचारापर्यंत पाच पायऱ्या मानते आणि प्रत्यक्ष वर्तनाची नोंद स्वतंत्रपणे घेते. अशा साधनांमुळे महत्त्वाचा प्रश्न विचारायचा राहून जात नाही आणि वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांना समान भाषा मिळते. केवळ गुणांच्या बेरजेवरून निर्णय घेणे मात्र सदोष ठरते.

भाकिताच्या मर्यादा

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲलेक्स पोकॉर्नी यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात प्रसिद्ध आहे. मनोविकार विभागात दाखल झालेल्या ४,८०० माजी सैनिकांचा त्यांनी सुमारे पाच वर्षे मागोवा घेतला. त्यांपैकी ६७ जणांचा मृत्यू आत्महत्येने झाला. उपलब्ध माहितीवरून ८०३ जण ‘अधिक जोखमीचे’ ठरवले गेले होते. त्यांच्यापैकी ३० जण आत्महत्येने गेले, तर ७७३ जणांच्या बाबतीत इशारा चुकीचा ठरला. उरलेले ३७ मृत्यू ज्यांना कमी जोखमीचे मानले होते त्यांच्यातच झाले. ही घटना एकूण लोकांच्या तुलनेत विरळ असल्याने बऱ्यापैकी अचूक चाचणीसुद्धा असंख्य चुकीचे इशारे देते आणि अनेक खरे धोके तिच्या नजरेतून सुटतात.

२०१७ साली ३६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. पन्नास वर्षांच्या संशोधनानंतरही ज्ञात घटकांवरून केलेले भाकीत निव्वळ योगायोगाहून थोडेच सरस असल्याचे त्यात आढळले. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसार भावी आत्महत्येचे भाकीत करण्यासाठी मापनश्रेणी वापरू नयेत. ‘कमी, मध्यम, अधिक’ अशा वर्गवारीवरून कोणाला उपचार द्यावेत हेही ठरवू नये. ‘कमी जोखीम’ असा शिक्का बसल्याने एखाद्यास मदत नाकारली जाण्याचा धोका यामागे विचारात घेतलेला आहे.

मूल्यमापनानंतरची कृती

मूल्यमापनाची उपयुक्तता त्यातून निघणाऱ्या कृतीवर अवलंबून असते. बार्बरा स्टॅन्ली व ग्रेगरी ब्राउन यांनी विकसित केलेली सुरक्षितता योजना अनेक देशांत वापरली जाते. संकट जवळ येत असल्याच्या खुणा, स्वतःला सावरण्याचे उपाय, मन रमेल अशी माणसे व जागा, मदत मागता येईल असे आप्त, तज्ज्ञांचे संपर्क आणि घर सुरक्षित करण्याचे मार्ग रुग्ण व चिकित्सक मिळून, रुग्णाच्याच शब्दांत लिहून काढतात. घरातील शेतीची औषधे, गोळ्यांचा साठा यांसारख्या वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे हा त्यातील महत्त्वाचा भाग आहे. तीव्र आवेग पुष्कळदा अल्पकाळ टिकतो. त्या काळात साधन हाताशी नसेल तर जीव वाचू शकतो. ‘मी काही करणार नाही’ असे केवळ वचन घेणे पुरेसे मानले जात नाही.

संपर्क टिकवणे हाही उपचाराचाच भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने चेन्नईसह पाच देशांतील पाच केंद्रांवर, आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांचा अभ्यास झाला. एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत सुमारे तासभराचा माहितीपर संवाद आणि १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट असा आधार देण्यात आला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण ०.२ टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २.२ टक्के होते.

भारतातील कायदेशीर स्थिती

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते व तिला शिक्षा केली जात नाही. तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतील कलम ३०९ ठेवलेले नाही. मात्र लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न कलम २२६ नुसार गुन्हा आहे. २०२२ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणात २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आहे.

मदत

जोखमीचे मूल्यमापन हे प्रशिक्षित व्यक्तीचे काम असले, तरी काळजीने विचारपूस करणे, न टोकता ऐकणे, धोका जाणवल्यास त्या व्यक्तीला एकटे न सोडणे आणि तिला डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे हे कुटुंबीय, मित्र व शिक्षक यांना करता येते. भारत सरकारची ‘टेली मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून तिच्यावर मराठीतही बोलता येते. जिवाला तातडीचा धोका असल्यास ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे.