शहराच्या पोटातील गावे

शहर वाढले असे आपण सहज म्हणतो, परंतु ते कोणाच्या भूमीवर वाढले याचा विचार क्वचितच करतो. मुंबईच्या पूर्वेस, खाडीपलीकडे वसलेली नवी मुंबई ही ओसाड माळरानावर उभी राहिलेली नाही. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी तिच्यासाठी घेण्यात आल्या. आगरी, कोळी व कराडी लोकांची ही गावे. खाडीच्या कडेने बांध घालून, भरतीचे खारे पाणी अडवून त्यांनी भातखाचरे तयार केली होती. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात मीठ आणि भरती-ओहोटी पाहून मासळी, असा या घरांचा वर्षाचा क्रम असे.

मुंबईवरील भार कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे नगर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 साली ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडली. पुढे 1970 साली ‘सिडको’ या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. योजनेचे अर्थकारण साधे होते. सर्व जमीन सरकारने शेतीच्या भावाने घ्यावी, तीवर रस्ते-पाणी करावे, भूखंड चढ्या भावाने विकावेत आणि त्या पैशातूनच शहर बांधावे. या कल्पनेत दुष्ट हेतू काहीच नव्हता. मात्र भाववाढीतील वाटा ज्याच्या शेतामुळे ती शक्य झाली त्याला मिळावा, अशी तरतूद त्या हिशेबात नव्हती.

कायदाही तसाच होता. 1894 च्या भूमिसंपादन कायद्याप्रमाणे जमिनीची किंमत प्राथमिक अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाने ठरत असे. इतकेच नव्हे, तर जमीन ज्या कामासाठी घेतली जात आहे त्या कामामुळे तिचे मोल वाढणार असेल, तर ती वाढ हिशेबात धरू नये, असे त्या कायद्याच्या 24 व्या कलमात स्पष्ट म्हटले होते. शेजारी उद्या रेल्वे स्थानक होणार हे सर्वांना ठाऊक असले, तरी दर भातशेतीचाच! त्यातही भरपाई मिळावयाची ती ज्याचे नाव दप्तरी त्याला. लावणी-कापणीस जाणारा मजूर, मिठागरावरचा कामकरी, खाडीत जाळे टाकणारा कोळी यांचे पोटही त्याच भूमीवर होते. पण सातबाऱ्यावर त्यांची नावे कोठून असणार? ज्यांची होती त्यांपैकी अनेकांना मालकी लाभून फार वर्षे झाली नव्हती. कूळ कायद्याने 1 एप्रिल 1957 हा दिवस ठरवून कसणाऱ्यास मालक मानले, आणि त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांत सिडको आली.

या असंतोषाला दि. बा. पाटील यांच्या रूपाने नेता मिळाला. जासईच्या शेतकरी कुटुंबातील हे वकील शेतकरी कामगार पक्षाचे आमदार व खासदार होते. 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर काही वर्षांनी, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याची योजना झाली. त्यातूनही सामाजिक सोयींसाठी काही भाग वजा होऊन हाती पावणेनऊ टक्केच येत असे. तरीसुद्धा शहराच्या भाववाढीत शेतकऱ्याचा हक्क आहे हे तत्त्व येथे मान्य झाले, आणि माझ्या मते या लढ्याची खरी कमाई तीच होय.

शेताचा प्रश्न असा अर्धामुर्धा सुटला. घराचा मात्र अधिकच गुंतला. गावातील घरांसाठी महसूल खात्याने आखून दिलेली जागा म्हणजे गावठाण. वस्ती वाढली की जिल्हाधिकाऱ्याने गावठाणाची हद्द वाढवावी, ही सर्वसाधारण रीत. येथे गावठाणाभोवतीची जमीन महामंडळाच्या मालकीची झाल्यामुळे हद्द वाढवावी तरी कोठे? माणसे मात्र वाढत राहिली. एका घराची चार घरे झाली आणि ती पूर्वी आपल्याच असलेल्या, आता सरकारी झालेल्या जमिनीवर उभी राहिली. गावकरी त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. कागदोपत्री ती अनधिकृत ठरली. त्या नावाखाली भाड्याच्या लोभाने चढविलेले मजलेही काही ठिकाणी आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अशा दहा इमारतींकडे बोट दाखवून मूळ गावकऱ्याच्या घरावर हातोडा आणणे हा न्याय नव्हे.

1 जानेवारी 2014 पासून नवा भूमिसंपादन कायदा लागू झाला. कूळ, शेतमजूर, मच्छीमार यांनाही तो बाधित कुटुंबे मानतो. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावे उठवावी लागली, तेव्हा रोख भरपाईऐवजी साडेबावीस टक्के विकसित जमीन देण्याचे ठरले. ऑक्टोबर 2025 मध्ये त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. गरजेपोटीची घरे नियमित करण्याचे शासननिर्णयही आजवर एकाहून अधिक वेळा निघाले आहेत. परंतु जोवर अशा घराच्या जमिनीचा कागद घरमालकाच्या नावे होत नाही, तोवर त्यावर बँक कर्ज देत नाही आणि मोडकळीस आलेली भिंत नव्याने बांधावयाची तर रीतसर परवानगी मिळत नाही.