डोळ्यात राहिलेला कण आणि भरपाईचा दावा

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात राहून जाऊ शकणाऱ्या वस्तू अगदी लहान असतात: कापसाचा धागा, उपकरणाच्या टोकाचा धातूचा कण किंवा मोतीबिंदूचाच एखादा तुकडा. धातूच्या कणांमध्ये लोखंड घातक, कारण ते गंजून दृष्टिपटल हळूहळू निकामी करते. मोतीबिंदूचा तुकडा डोळ्याच्या पुढच्या भागात खालच्या कोपऱ्यात दडला, तर लाली, वेदना, धुरकट नजर आणि वाढलेला दाब ही लक्षणे काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही दिसतात. स्लिट लॅम्प, गोनिओस्कोपी आणि डोळ्याची सोनोग्राफी यांनी तो शोधता येतो.

डोळ्यात राहिलेली प्रत्येक वस्तू हा निष्काळजीपणाचा पुरावा नसतो. दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत सिलिकॉन तेल मुद्दाम भरतात आणि काही महिन्यांनी काढतात. मोतीबिंदूचा तुकडा मागे घसरणे ही कुशल हातांकडूनही घडणारी, वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेली गुंतागुंत आहे. मात्र ती झाल्यावर रुग्णाला न सांगणे, तपासणी टाळणे किंवा दृष्टिपटल तज्ज्ञाकडे वेळेत न पाठवणे ही कसूर ठरू शकते. दावा याच मुद्द्यावर लढवता येतो.

बाहेरची वस्तू राहिली असेल तर रुग्णाची बाजू बळकट होते. 1963 मध्ये औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर एका महिलेच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. खालच्या न्यायालयाने 36 हजार रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती फिरवली, तर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरले. टॉवेल पोटात राहणे हेच निष्काळजीपणा दाखवते, असा या निकालाचा आधार होता. प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाचे मत सक्तीचे नाही, असेही न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केले. डोळ्यातील सूक्ष्म कणाबाबत मात्र तज्ज्ञाच्या अहवालावाचून दावा सहसा टिकत नाही.

यवतमाळसारख्या कापूस-तुरीच्या जिल्ह्यात तर हा अहवाल आणखी महत्त्वाचा. पळाटी, तुराटी, धूळ यांचे कण शेतात काम करताना डोळ्यात जातातच. त्यामुळे सापडलेला कण नंतर गेला, असा बचाव होऊ शकतो. म्हणून बाहेर काढलेला कण टाकून न देता तो कशाचा आहे हे तपासून घ्यावे आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या टिपणात त्याची नेमकी जागा नोंदवून घ्यावी. डिस्चार्ज कार्ड, संमतीपत्र आणि कृत्रिम भिंगाचे स्टिकर जपावे. नोंदी मागितल्यावर त्या 72 तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

पैसे घेऊन झालेल्या उपचारांची तक्रार ग्राहक आयोगात करता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालानुसार विमा कंपनीने पैसे भरले असले तरीही ती करता येते. शस्त्रक्रिया नागपूरला झाली असली, तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार यवतमाळचा रहिवासी आपल्या जिल्ह्याच्या आयोगात जाऊ शकतो. उपचारांसाठी पाच लाखांपर्यंत पैसे दिले असतील तर तक्रारीचे शुल्क लागत नाही. जिथे सर्वांनाच उपचार मोफत मिळतात, अशा शासकीय रुग्णालयाविरुद्ध दिवाणी न्यायालयात दाद मागावी लागते आणि सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. 1993 च्या शस्त्रक्रियेनंतर पोटात राहिलेले गॉझ गोव्यातील एका परिचारिकेला 2002 मध्ये कळले. तरीही 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली, कारण इतकी वर्षे त्रास होऊनही तिने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी संपर्क साधला नव्हता. म्हणून त्रास सुरू होताच त्याच डॉक्टरांना दाखवून लेखी नोंद घेणे आणि लगेच दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाचे मत घेणे रुग्णाच्या हिताचे आहे. त्याने दावा टिकतो आणि वेळेवर उपचार झाल्यास नजरही वाचू शकते.