उसना गळा

जीन केली भर पावसात छत्री मिटून नाचू लागला, की माझी टीकेची लेखणी मुकाट्याने खिशात जाते. 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) मधली गाणी बहुतेक जुनीच. पण कथेत अशी बेमालूम बसवली आहेत की शिळेपणा जाणवत नाही. आणि तो डोनाल्ड ओकॉनर! गडी चक्क भिंतीवर धावत जाऊन कोलांटी मारतो.

शेवटाकडचा 'ब्रॉडवे'चा नृत्यप्रवेश मात्र तब्बल तेरा मिनिटांच्या घरात जातो. सिड चॅरिस मोहक खरीच. पण कथा बिचारी तोवर दाराशी ताटकळते.

माझे खरे भांडण निराळेच आहे. मूकपट जाऊन बोलपट आले, तेव्हाची ही गोष्ट. कर्कश आवाजाची नटी लीना गरीब कॅथीचा गळा वापरते, आणि अखेर भर रंगमंचावर पडदा वर ओढून तिची फजिती करतात. आपण टाळ्या पिटतो. पण कॅथी लीनासाठी 'वुड यू' गाते असे दाखवले, तो आवाज कॅथी झालेल्या डेबी रेनॉल्ड्सचा नव्हेच! तो बेटी नॉइज हिचा. श्रेयनामावलीत तिचे नावसुद्धा नाही. 'महल'च्या (१९४९) तबकडीवर लताबाईंऐवजी नायिकेचे 'कामिनी' हे नाव छापले होते, हे आठवणाऱ्या रसिकाला त्या फजितीवर मनमोकळे हसणे जरा जडच जाते.