बाटल्यांची ओळ कोण आवरतं? हवा की मोटर?

आजच्या भागाचं हे लेखी रूप. ऐकताना आकडे निसटून जातात, म्हणून हिशेब इथे सावकाश मांडलाय.

अकोला असो की अमरावती, एमआयडीसीत चक्कर मारली की तेल भरणारं, पाणी भरणारं एखादं युनिट दिसतंच. लिटरची बाटली, पाच लिटरचा कॅन, १५ किलोचा डबा, सगळं पट्ट्यावरून पुढे सरकत असतं. भरायचं मशीन वेगळं, झाकणाचं वेगळं, लेबलचं वेगळं, आणि तिघांची चाल सारखी नाही. मग मधे कोणीतरी सांगावं लागतं, 'तू थांब', 'आता तू जा', 'तू बाजूच्या ओळीत हो'. हे काम करणारा यांत्रिक हात म्हणजे ॲक्च्युएटर.

तुम्ही म्हणाल, एवढं काहून? पट्टाच बंद करा ना! पण पट्टा थांबला की त्याच्यावरचं सगळंच थांबतं. परत सुरू करताना झटका बसतो आणि बिनझाकणाच्या बाटलीतलं तेल सांडतं. म्हणून पट्टा खालून चालूच ठेवतात. समोर स्टॉपर आडवा येतो, बाटली जागेवर उभी राहते, खालून साखळी घसरत राहते.

आता गंमत पाहा. १५ किलोचे २० डबे रांगेत अडले, म्हणजे ३०० किलो वजन. साखळी आणि डबा यांच्यातलं घर्षण वजनाच्या पाचव्या भागाइतकं धरलं, तरी सर्वांत पुढच्या डब्यावर ६० किलोचा रेटा येतो. पत्र्याच्या डब्याला पोचा पडतो, प्लास्टिकची बाटली दबते. म्हणून एकाच गेटवर सगळी ओळ अडवत नाहीत. दोन-तीन ठिकाणी थोडी थोडी अडवतात.

दुसरा हिशेब वेळेचा. पट्टा सेकंदाला २०० मिलिमीटर चालतोय, मिनिटाला ६० बाटल्या जातायत. म्हणजे दर २०० मिलिमीटरला एक बाटली. बाटलीचा व्यास ८० मिलिमीटर, तर मधली फट उरली १२० मिलिमीटर. ही फट स्टॉपरसमोरून ०.६ सेकंदात निघून जाते. तेवढ्यात सेन्सरने बघायचं, पीएलसीने ठरवायचं आणि स्टॉपरने आत यायचं. उशीर झाला तर बाटली चेपली किंवा आडवी झालीच म्हणून समजा. (पीएलसी म्हणजे मशीनचा हिशेबनीस. ज्या १९६९ साली अकोल्यात कृषी विद्यापीठ सुरू झालं, त्याच साली अमेरिकेत मॉडिकॉन ०८४ हा सुरुवातीचा पीएलसी आला.)

आपल्याकडे हे स्टॉपर बहुतेक हवेवर चालतात. कॉम्प्रेसर, नळी, व्हॉल्व्ह, सिलिंडर. स्वस्त, दणकट, दुरुस्तीला सोपं. सिलिंडर अडकला तरी जळत नाही, नुसता दाबून उभा राहतो. पण साध्या सिलिंडरला दोनच गोष्टी कळतात, पूर्ण बाहेर आणि पूर्ण आत. मधे कुठे थांब म्हटलं तर त्याला नीट जमत नाही. शिवाय हवा फुकट नसते. कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेतला जेमतेम १० ते १५ टक्के भाग कामाला येतो, बाकी बहुतेक उष्णता होऊन जातो. ७ बार दाबाच्या लाइनला ३ मिलिमीटरचं भोक असेल तर साधारण ३ किलोवॅट वाया. दिवसरात्र चाललं तर ७२ युनिट, तेही रोज! फुस्स आवाज येतोय आणि कोणी लक्ष देत नाही, तर बिल तिथूनच वाढतंय.

इलेक्ट्रिक ॲक्च्युएटरमध्ये मोटर असते, ती स्क्रू फिरवते आणि स्क्रूवरचा नट दांडा पुढे-मागे नेतो. साधी स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. स्क्रूचा एक फेरा ५ मिलिमीटरचा असेल, तर एक पाऊल ०.०२५ मिलिमीटरचं. म्हणजे कुठे थांबायचं, किती वेगात जायचं, शेवटी किती हळू टेकायचं, सगळं आकड्यात सांगता येतं. वर मोटरला सर्वो ड्राइव्ह असेल तर करंट वाढला की ड्राइव्हला कळतं, काहीतरी अडकलंय. बाटली फुटायच्या आत तो मागे फिरू शकतो.

मग सगळे सिलिंडर काढून मोटरी लावायच्या का? अजिबात नाही. माझा नियम एकच: जिथे दोनच जागा लागतात तिथे हवा राहू द्या, जिथे दोनपेक्षा जास्त जागा लागतात तिथे मोटर आणा.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे गाइड रेल, बाटली पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना असलेले कठडे. आपली युनिटं छोटी. एकाच लाइनवर सकाळी लिटर, दुपारी पाच लिटर. ८० मिलिमीटरच्या बाटलीवरून १५० मिलिमीटरच्या कॅनवर जायचं, तर प्रत्येक कठडा ३५ मिलिमीटर सरकवायचा. आज कोणीतरी पाना घेऊन एकेक नट सैल करतो, अंदाजाने सरकवतो, परत आवळतो. मोटर लावली तर ७ फेरे. सेकंदाला २ फेरे धरले तर साडेतीन सेकंदात काम खलास, आणि दरवेळी तीच जागा. पैसे इथे वसूल होतात. उलट, झटपट आत-बाहेर करणाऱ्या स्टॉपरला हा बारीक आट्यांचा स्क्रू फार हळू पडतो. तिथे जास्त आट्याचा स्क्रू आणि सर्वो मोटर लागते, आणि खर्च वाढतो.

आता वऱ्हाडची खास गोष्ट. मोटर आणि ड्राइव्हचे कॅटलॉगमधले आकडे बहुधा ४० अंशांच्या हवेसाठी असतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये, बंद पॅनलच्या आत काय होत असेल ते तुम्हीच सांगा. म्हणून एक साइज मोठी मोटर घ्या, पॅनल भिंतीच्या सावलीच्या बाजूला लावा, पंख्याची जाळी दर आठवड्याला साफ करा. भुकटी उडणारी जागा असेल तर आयपी ६५ विचारून घ्या: यातला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा चालेल. आणि लाइट गेली तर दांडा कुठे राहणार, हे विकणाऱ्याला आधीच विचारा. साधा बारीक आट्यांचा स्क्रू बहुधा जागेवर धरून राहतो; बॉल स्क्रू घसरू शकतो, त्याला ब्रेक लागतो.

आयटीआय किंवा डिप्लोमा करणाऱ्यांनो, एक शेवटची गोष्ट. अडकलेली बाटली पाहून हात आत घालायचा मोह होतो. हवेच्या सिलिंडरमध्ये स्विच बंद केल्यावरही दाब कोंडलेला असू शकतो. मोटर सेन्सरच्या एका इशाऱ्यावर हलते. आधी मेन बंद, त्यावर आपलं कुलूप, किल्ली आपल्या खिशात, हवा सोडून दिलेली, आणि मगच हात. बाटली दहा रुपयांची असते, बोटं पाचच आहेत.

तुमच्या युनिटमध्ये चेंजओव्हरला किती वेळ लागतो? उद्या घड्याळ लावून मोजा आणि मला पाठवा. मोटर परवडते की नाही, याचं उत्तर त्याच आकड्यात आहे. भेटू पुढच्या भागात. येतो मग, राजेहो!